चोच दिसेपर्यंत

रविवारी तुम्ही काय करता? अकराला उठायचं, ब्रंच या गोंडस नावाखाली इडली-वडा हाणायचा, दुपारी मॉलच्या एसीत चकरा मारायच्या आणि संध्याकाळी ‘उद्या सोमवार’ म्हणून तोंड पाडून बसायचं. बरोबर? लाजू नका, माझाही रविवार असाच जातो. फ्रीलान्सरच्या आयुष्यात रविवार आणि मंगळवार यांत फरक एवढाच, की रविवारी अकाउंट्स डिपार्टमेंटला फोन लावण्यात अर्थ नसतो.

पण हिवाळ्यातले दोन-तीन रविवार माझ्या मावसभावाने आधीच बुक करून ठेवलेले असतात. वय एकोणचाळीस, आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर, अख्ख्या खानदानाचा दादा. आठवडाभर हा माणूस टीमला डेडलाइनवरून फैलावर घेतो आणि रविवारी समुद्रकिनाऱ्यावर पालथा पडून पाच-पाच तोळ्यांच्या पक्ष्यांची मनधरणी करतो. गेले तीन हिवाळे त्याला एकच पक्षी हवाय. ऑयस्टरकॅचर. कबुतरापेक्षा थोराड, काळा-पांढरा, गुलाबी पाय आणि गाजरासारखी लांब, भडक केशरी चोच. त्याच्या मोबाइलच्या स्क्रीनवर जिथे बायकोचा फोटो होता, तिथे आता या पक्ष्याचा डाउनलोड केलेला फोटो आहे. वहिनी यावर काय म्हणते ते छापण्यासारखं नाही.

यंदा मलाही थोडा स्वार्थ होता. या साप्ताहिकाने हिवाळी भटकंतीवर लेख मागितला होता, फोटोंसकट. ‘उडणाऱ्या पक्ष्याचा एखादा झक्कास फोटो आला तर कव्हरचा विचार करू’, असं संपादक म्हणाले होते. कव्हरचं मानधन वेगळं असतं. माझ्या लॅपटॉपची बॅटरी चाळीस मिनिटांत राम म्हणते, त्यामुळे ‘वेगळं मानधन’ हे शब्द मला पक्ष्यांच्या किलबिलाटापेक्षा गोड वाटतात. मी एक दिवसासाठी १५०-६०० मिलिमीटरची लेन्स भाड्याने घेतली. वजन दोन किलो. गळ्यात दुधी भोपळा बांधून फिरल्याचा अनुभव हवा असेल तर जरूर घ्या.

दिवस कुठला निवडायचा, याचं दादाचं शास्त्र भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’मध्ये मावतं. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्याच्या आगेमागे भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकरा-साडेअकराला पाणी पूर्ण वर आणि नंतर साधारण सहा तासांनी पूर्ण खाली. कोकणातल्या कोळ्यांना हे गणित तोंडपाठ असतं. दादाकडे भरतीची वेळ मिनिटासकट सांगणारं अ‍ॅप आहे, पण तो आधी कॅलेंडर बघतो आणि मग अ‍ॅप कितपत बरोबर आहे ते तपासतो.

किनाऱ्यावरचे पक्षी बघायचे तर हे गणित हवंच. ओहोटीला ते लांबवर ओल्या वाळूत पांगलेले असतात, नुसते ठिपके. तुम्ही चालत गेलात की ते आणखी पुढे सरकतात. पण पाणी चढायला लागलं की समुद्रच त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतो. तुम्ही फक्त एका जागी गप्प पडून राहायचं. आपल्या जनरेशनला नेमकं हेच जमत नाही, हा भाग वेगळा.

तर माघी पौर्णिमा आणि रविवार एकत्र आल्यावर दादाने शुक्रवारीच मेसेज टाकला, ‘आक्षी. पहिली बोट. डबा आणू नकोस, कॅमेरा चार्ज कर.’

पहाटे गेटवेला चक्क थंडी होती. स्वेटर घातलेला मुंबईकर हा स्वतःच एक दुर्मिळ पक्षी आहे, त्याचे फोटो काढायला हरकत नाही. बोट धक्क्यावरून सुटली आणि पाठोपाठ कुरव आले. कुरव म्हणजे आपले सीगल. डेकवरच्या निम्म्या लोकांच्या हातात चिप्सची पाकिटं, उरलेल्या निम्म्यांच्या हातात मोबाइल. एक जण चिप्स उडवतो, दुसरा व्हिडिओ काढतो, कुरव हवेतल्या हवेत झेल घेतो, टाळ्या. हे कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या तलावांवर घरटी करतात आणि हिवाळ्यात इथे उतरतात. उन्हाळ्यात आपण लडाखला जाऊन याक बघतो, हिवाळ्यात लडाखचे रहिवासी मांडव्याच्या बोटीमागे मसाला चिप्स खातात. पर्यटन दोन्हीकडून चालू आहे म्हणायचं. दादा मात्र डेकवर आलाच नाही. ‘तेलकट आहे ते, त्यांच्या पोटाला नको’, एवढंच बोलून खाली डोळे मिटून बसला.

मांडव्याहून बसने अलिबाग आणि तिथून रिक्षाने आक्षी. साखरची खाडी ओलांडली की हे गाव लागतं. नारळ-सुपारीच्या वाड्या, त्यांच्या मधून जाणाऱ्या अरुंद वाटा, मग सुरूचं बन आणि बनापलीकडे एकदम समुद्र. इथेच मराठीतल्या सर्वात जुन्या शिलालेखांपैकी एक मिळाला. त्यावरचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला गेलाय. एरवी मी तिथे थांबले असते, मास कम्युनिकेशनच्या पोरीने मराठीतल्या इतक्या जुन्या मजकुराला नमस्कार करायलाच हवा. पण साडेआठ वाजून गेले होते, पाणी चढत होतं आणि दादा पळत होता.

आक्षीचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. फोटो काढणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी आणि पक्षी समोर उजेडात. दुपारनंतर हेच उलटं होतं आणि सगळे पक्षी काळ्या कागदातून कापल्यासारखे दिसतात. म्हणून सकाळ पक्ष्यांची, दुपार शंख-शिंपल्यांची, अशी आमची वाटणी ठरलेली.

आम्ही पालथे पडलो. पालथं पडण्याचं कारण स्टाइल नाही. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्षी वाळूवर ठेवलेल्या बटाट्यासारखा दिसतो. त्याच्या डोळ्याच्या पातळीवर आलात की मागची वाळू विरघळते आणि तो एकदम ‘कोणीतरी’ होतो. शिवाय आडवा माणूस पक्ष्यांना फारसा माणूस वाटत नाही. कोपरांखाली ओली वाळू, नाकात खारा वास, शर्टाच्या आत एक अतिउत्साही खेकडा. शटर स्पीड दोन-हजारांशाच्या आसपास आणि पांढऱ्या पक्ष्यांसाठी एक्स्पोजर जरा खाली, नाहीतर उन्हात त्यांची पिसं नुसता चुना दिसतात. लेन्सवर उडालेला खारा थेंब शर्टाने पुसायचा नाही. भाड्याची असेल तर मुळीच नाही.

समोर सँडरलिंग होते. मुठीएवढा पांढुरका पक्षी, वजन पाच-सहा तोळे. लाट मागे गेली की हे तिच्यामागे धावतात, वाळूत चोची खुपसतात आणि पुढची लाट आली की तुरुतुरु पळत परततात. पाय इतके भरभर हलतात की दिसतच नाहीत, चावी दिलेली खेळणी वाटतात. हा जीव उन्हाळ्यात उत्तर ध्रुवाजवळच्या आर्क्टिक पट्ट्यात अंडी घालतो. त्यांच्या शेजारी चिखल्यांचा थवा होता. तीन पावलं धावायचं, थबकायचं, वाकायचं, पुन्हा धावायचं. त्यातले बरेचसे तिबेटच्या पठारावरून आलेले. मागे पाण्याच्या कडेला पल्लासचे कुरव, बदकाहून मोठे, त्यातल्या काहींची डोकी आत्ताच काळी व्हायला लागलेली. म्हणजे त्यांना परतीचे वेध लागलेत. आणि एक कॅस्पियन सुरय, लालभडक जाड चोचीचा, सोसायटीच्या चेअरमनसारखा सगळ्यांकडे नाराजीने बघत उभा.

दहाच्या सुमारास दादाचा श्वास अडकला. अक्षरशः. मला वाटलं ह्याला काहीतरी झालं. ‘डावीकडे’, तो ओठ न हलवता म्हणाला, ‘कुरवांच्या मागे. हलू नकोस.’

तो होता. ऑयस्टरकॅचर. काळं डोकं, काळी पाठ, पांढरं पोट, एका गुलाबी पायावर उभा. आणि चोच? चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. साहेब झोपले होते.

तीन हिवाळे वाट बघितलेला पक्षी चाळीस पावलांवर आला आणि त्याच्यात बघण्यासारखं जे काही आहे ते त्याने गादीत गुंडाळून ठेवलं होतं. व्ह्यूफाइंडरमधून तो काळ्या-पांढऱ्या उशीसारखा दिसत होता.

‘दादा, एक टाळी वाजवते. एकच. हळू.’

‘वाजव. परत जाताना बोटीतून ढकलतो तुला.’

‘अरे, नुसता डोळा उघडेल, चोच बाहेर काढेल, आपण दोन फोटो घेऊ, तो परत झोपेल.’

‘अगं, तो चाळीस वर्षांचा असू शकतो. माझ्यापेक्षा मोठा असेल. झोपलेल्या वडीलधाऱ्या माणसाला टाळी वाजवून उठवतेस का तू?’

वयाचं तो गंमत म्हणून म्हणाला नव्हता. पायात कडी घातलेले ऑयस्टरकॅचर चाळीस वर्षांपेक्षा जास्त जगल्याच्या नोंदी युरोपात आहेत. आपल्याकडे येणारे हे पक्षी मध्य रशियापासून पश्चिम सायबेरियापर्यंतच्या नद्यांकाठी घरटी करतात. शिंपला उघडण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी, कोणी चोचीने ठोकून फोडतो, कोणी दोन शिंपांच्या फटीत चोच घालून आतला स्नायू कापतो. पद्धतीप्रमाणे चोचीचं टोकही झिजून वेगळं होतं, कुणाचं बोथट, कुणाचं धारदार. म्हणजे चोच बघून सांगता येतं की साहेब काय काम करतात. आणि आम्हाला तीच दिसत नव्हती.

टाळी का नाही, हे दादाने कुजबुजत सांगितलं, नजर पक्ष्यावरून न हटवता. या पक्ष्यांचं जेवणाचं टेबल ओहोटीला मांडलं जातं. वाळू उघडी पडली की खायचं, दिवस असो वा रात्र. भरतीला टेबल पाण्याखाली जातं, तेव्हा ते किनाऱ्याच्या उरलेल्या चिंचोळ्या पट्टीवर येऊन उभे राहतात आणि झोपतात. खाल्लेलं अंगी लागण्याची ही वेळ. मार्च-एप्रिलमध्ये हजारो किलोमीटर उडायचंय, त्यासाठी लागणारी चरबी आत्ताच साठवायची. दर वेळी उडावं लागलं की साठवलेल्यातलं थोडं जातं. एकदा उडाल्याने कोणी मरत नाही. पण रविवार आहे. सकाळपासून एक घोडागाडी गेली, दोन बाइक गेल्या, एक कुत्रा. प्रत्येक जण ‘एकदाच’ उडवतो.

उडण्याचा खर्च किती असतो? गॉडविट नावाचा असाच एक किनाऱ्यावरचा पक्षी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये जेमतेम पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून निघालं आणि अकरा दिवस कुठेही न उतरता थेट टास्मानियाला पोचलं. १३,५६० किलोमीटर. पाठीवर ट्रान्समीटर होता म्हणून कळलं. खाणं नाही, पाणी नाही, टेकायला जागा नाही. सगळा प्रवास निघण्यापूर्वी अंगावर चढवलेल्या चरबीवर. आपण दादर ते अंधेरी प्रवासात एक वडापाव खातो.

मग आम्ही पडून राहिलो. साडेदहा. अकरा. पाणी चढत आमच्या कॅमेऱ्यांपासून चार हातांवर आलं. पक्षी दाटीवाटीने एकत्र आले, सकाळी नऊच्या विरार लोकलसारखे, फरक इतकाच की सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे आणि भांडणं नाहीत. साहेबांनी एकदा पाय बदलला. एकदा डोळा उघडला, लाल, गोल, आणि सरळ माझ्या लेन्समध्ये बघितलं. मी सत्तावीस फोटो काढले. सगळ्यांत उशी आणि एक लाल मणी.

खोटं कशाला बोलू, मला कंटाळा आला होता. पण त्या कंटाळ्यातून अकराच्या पुढे कुठेतरी पलीकडे निघाल्यासारखं झालं. फोन बॅगेत होता. कोणाला काही कळवायचं नव्हतं. सँडरलिंगच्या पायांचे ठसे लाट पुसत होती आणि ते पुन्हा उमटवत होते, एवढं एकच काम जगात चाललंय असं वाटत होतं. मी दोन वेळा मेडिटेशनच्या वर्कशॉपवर लेख लिहिलाय, पैसे भरून बसलेल्या लोकांना मी विचारलंय की नक्की काय होतं. कोणालाही नीट सांगता आलं नव्हतं. मलाही येत नाहीये.

अकरा चाळीसला सुरूच्या बनातून सहा जण आले. अंगावर जंगलात घालतात तसे हिरवे-तपकिरी कपडे, हातात माझ्यापेक्षा मोठ्या लेन्सेस. त्यांनी आम्हाला बघितलं, थवा बघितला, आपापसांत काही बोलले. मग पाच जण गुडघ्यावर बसले, कॅमेरे डोळ्याला लावले, आणि त्यांच्याबरोबरचा गावातला एक पोरगा थव्याच्या मागून धावत सुटला. हात पसरून.

दोन-अडीचशे पक्षी एकदम उठले. तो आवाज मला लिहिता येत नाही, चादर जोरात झटकावी तसा, पण खूप मोठी चादर. सगळा थवा आमच्या डोक्यावरून वळला. चिखल्या वळल्या तेव्हा क्षणभर पांढऱ्याशुभ्र झाल्या, मग परत मातकट. पाठीशी सूर्य, समोर निळं आकाश, संपादकांना हवं होतं ते सगळं. माझा हात शटरवर गेला नाही, घड्याळावर गेला. का ते सांगता येणार नाही, बहुतेक दादाचा चरबीचा हिशेब डोक्यात फिरत होता. थवा गोल फिरला, फुटला, पुन्हा जुळला, खाली आला, पोरगा अजून तिथेच होता म्हणून परत वर गेला. निम्मे नागावच्या दिशेने दिसेनासे झाले. उरलेले खाली टेकले तेव्हा सहा मिनिटं चाळीस सेकंद झाली होती. ऑयस्टरकॅचर त्यांत नव्हता. तो पहिल्याच फेरीत एक लांब शीळ घालून दक्षिणेला गेला.

दादा उठून त्या सहा जणांकडे गेला. मला वाटलं आता राडा होणार. तो शांतपणे दोन मिनिटं बोलला. एकाने मान हलवली, दुसरा म्हणाला की आम्हीही पैसे खर्च करून येतो, आम्हालाही काहीतरी मिळायला हवं ना. त्यात त्याचं अगदीच चूक होतं असं नाही, त्याच्या गळ्यातल्या लेन्सच्या किमतीत माझं वर्षभराचं घरभाडं निघालं असतं. पोरगा लाटांशी खेळायला निघून गेला होता. दादा परत आला आणि म्हणाला, ‘चल, जेवू.’

जेवण एका घरगुती खाणावळीत झालं. सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी. यावर एक वेगळा लेख होईल, संपादक वाचत असतील तर. शेजारच्या वाडीत वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला आणून ठेवलेला, रात्री पोपटी लागणार होती. मातीच्या मडक्यात शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, पाल्याने तोंड बंद करून मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. हिवाळ्यात रायगडात असाल तर रात्रीची बोट नसते याचं दुःख पोपटीच्या वासाने होतं.

दोनला परत किनाऱ्यावर आलो तेव्हा पाणी बरंच उतरलं होतं आणि भरतीची रेघ स्पष्ट दिसत होती. समुद्र चढून जिथपर्यंत आला, तिथे तो दिवसभराचा पसारा टाकून जातो. शिंपले, काटक्या, नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे, थर्माकोल, एक चप्पल, देवाचा नारळ, लायटर. या रेघेवरून खाली मान घालून चालायचं. परदेशात याला बीचकोंबिंग म्हणतात, आपल्याकडे आई ‘काय भिकाऱ्यासारखं गोळा करतेस’ म्हणते.

पहिल्यांदा सापडलं समुद्रफेस. पांढरं, हलकं, होडीसारखं. नाव फेसाचं असलं तरी फेस नाही, माकुळाच्या अंगातला सांगाडा असतो तो. त्यात बारीक बारीक कप्पे असतात, हवा-पाणी कमी-जास्त करून माकूळ पाणबुडीसारखं वर-खाली होतं. माझी आजी कान फुटला की हेच उगाळायची. लव्हबर्डच्या पिंजऱ्याला टांगलेलं असतं तेही हेच. मग बटणासारखे गुळगुळीत चपटे शंख, नखाएवढे. शंभर उचला, दोघांची नक्षी जुळायची नाही. मग एक शिंपली, वरच्या बाजूला कंपासने काढावं तसं अचूक गोल भोक. मुलींना वाटतं दोरा ओवायला बरं झालं. ते भोक मून स्नेल नावाच्या गोगलगायीने पाडलेलं असतं. ती शिंपलीला पायाने कवटाळते, एका जागी किसत किसत आरपार जाते आणि आतला जीव खाते. खुनाचा पुरावा आपण गळ्यात घालून कॉलेजला जातो.

त्याच मून स्नेलचं दुसरं काम चार पावलांवर पडलेलं होतं. राखाडी, वाळूच्या रंगाची, शर्टाच्या कॉलरसारखी वळलेली पट्टी. बोटांना रबरासारखी लागते. दादाने पायाने सरकवून म्हटलं, ‘बघ, लोक काय काय टाकतात.’ या वेळी ज्ञान पाजळायची पाळी माझी होती. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून मुंबईच्या किनाऱ्यांवर लोकांना फिरवून तिथले जीव दाखवतोय, अशा एका फेरीत मी हे शिकले होते. मादी वाळू आणि चिकट स्राव यांची ही कॉलर स्वतःभोवती बनवते आणि तिच्यात अंडी पेरते. स्वच्छता मोहिमेत कित्येकदा हीच कॉलर प्लास्टिक समजून कचऱ्याच्या पिशवीत जाते. दादा दोन पावलं मागे सरकला आणि त्याने ती चक्क दोन्ही हातांनी उचलून ओल्या वाळूत ठेवली. मी मोबाइलवर फोटो काढला. साध्या मोबाइलवर, दोन किलोंचा भोपळा तसाच गळ्यात.

शंख उचलायचे की नाही, यावर आमचं दर वर्षी भांडण होतं. कायदा सांगते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत २००१ पासून काही जातींचे शंख, प्रवाळ, सी-फॅन, समुद्रघोडे आहेत. त्यांचा मेलेला तुकडाही घरी आणायचा नाही. बटणशंखांना हा कायदा लागू नाही. पण रिकामा दिसणारा शंख रिकामाच असतो असं नाही. हर्मिट क्रॅब हा खेकडा जन्मभर भाडेकरू. पोटाचा भाग मऊ, त्याला पाठकवच नाही, म्हणून दुसऱ्याने सोडलेल्या शंखात राहतो, आणि अंग वाढलं की जागा बदलतो. मोठा रिकामा शंख सापडला की कधीकधी खेकडे आकाराप्रमाणे रांग लावतात. सर्वात मोठा त्यात शिरला, की दुसरा पहिल्याच्या घरात, तिसरा दुसऱ्याच्या. वन आरकेवाला वन बीएचकेत, वन बीएचकेवाला टू बीएचकेत, ब्रोकरेज शून्य. आपण तो मोठा शंख शोकेसमध्ये ठेवायला उचलतो तेव्हा ही अख्खी रांग अडकते. २०२४ मध्ये पोलंडच्या संशोधकांनी लोकांनी इंटरनेटवर टाकलेल्या फोटोंमधून जमिनीवर राहणारे ३८६ हर्मिट क्रॅब शोधले, जे शंखाऐवजी माणसाच्या कचऱ्यात राहत होते, बहुतेक बाटल्यांच्या झाकणांत. मी बटणशंख घेतले, सात. दादाने एकही घेतला नाही आणि माझ्या खिशाकडे बघत राहिला.

ओहोटीच्या वाळूत आता बायका उतरल्या होत्या. कमरेला साडी खोचून, हातात कोयती, शेजारी टोपली. तिसऱ्या काढत होत्या. एक मावशी माझ्या गळ्यातल्या लेन्सकडे बघून हसल्या.

‘काय गो बाय, कवरा मोटा क्यामेरा! मिलाला काय पक्षी?’

‘मिळाला मावशी, पण झोपला होता. काळा-पांढरा, केशरी चोचीचा.’

‘त्यो व्हय. त्यो हितंच आसतंय. आमी तिसऱ्या काढताव तितंच त्यो बी काढतंय.’ त्यांनी कोयतीने दक्षिणेकडे दाखवलं. ‘आता गेलाव तर दिसंल. पानी गेलं का उठतंय.’

दादा निघालाच होता. मी घड्याळ दाखवलं. साडेतीन. अलिबाग, तिथून मांडवा, शेवटची बोट. उन्हात आता सगळं काळं दिसत होतं, फोटो येणार नव्हताच. ‘फोटो कोणाला हवाय’, दादा म्हणाला आणि चालू लागला. आम्ही वीस मिनिटं चाललो, तो दुर्बीण लावून, मी मोबाइलवर बोटीचं वेळापत्रक लावून. लांब पाण्याच्या कडेला तीन-चार काळ्या आकृत्या. त्यातली एक खाली वाकली, उभी राहिली, आणि दादाने मला दुर्बीण दिली. उन्हाविरुद्ध केशरी रंग कळत नव्हता. पण चोच होती. लांब, सरळ, आणि तिच्यात काहीतरी धरलेलं.

बोटीवर दादाने कॅमेरा काढला आणि मला एक फोटो दाखवला. पोरगा धावला तेव्हाचा. ऑयस्टरकॅचर पंख पूर्ण पसरून, पंखांवरचा पांढरा पट्टा, लाल डोळा, केशरी चोच किंचित उघडी, एकेक पीस मोजून घ्यावं असं. मला ओरडायचंच बाकी होतं.

‘दादा, हे कव्हर आहे. दे मला. तुझं नाव मोठं टाकायला लावते.’

‘नको.’

‘अरे, पण आपण कुठे उडवलं त्याला? आपण तर तीन तास आडवे होतो!’

‘फोटोत ते दिसतं का?’

मी गप्प.

‘फोटोत दिसतोय उडणारा पक्षी आणि खाली लिहिणार आक्षी. पुढच्या रविवारी वीस जण येणार, आणि हा झोपलेला असणार. मग?’

मला अजूनही वाटतं की दादा थोडं अति करतो. माणसं पक्ष्यांच्या प्रेमात पडतात ती असे फोटो बघूनच, तो स्वतःसुद्धा डाउनलोड केलेल्या फोटोच्याच प्रेमात पडला होता. हे मी त्याला म्हटलंही. त्याने कॅमेरा बंद केला, लेन्स कोरड्या फडक्याने पुसली आणि वर डेकवर चिप्स उडवणाऱ्यांचा गलका चालू होता तिकडे बघत बसला. माझ्या मांडीवर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची वेणी होती आणि खिशात सात बटणशंख. लॅपटॉपची बॅटरी अजून जुनीच आहे.

सोमवारी मी संपादकांना मोबाइलवरचा तो एक फोटो पाठवला. दुपारी त्यांचा फोन आला.

‘अगं, पक्षी कुठेत? आणि हे टायरचं रबर काय पाठवलंयस?’

‘अंडी आहेत ती’, मी म्हटलं. ‘मोजली नाहीत, पण हजारोंनी असतील.’